चौदावं घर

भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि माझे डोळे घट्ट मिटले. शेजारी बसलेल्या सासूबाईंना वाटलं असेल, सून भक्तीत बुडाली. खरं तर तो तुकडा इतका खारट होता की डोळे उघडे ठेवून गिळणं मला जमलं नसतं.

ही ब्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. लग्न होऊन मला पाच महिने झाले होते. मी सोलापूरची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासर नेवाशाकडच्या सोनखडीचं. गावाच्या पूर्वेला आमची ख्रिस्ती वस्ती होती, एकच गल्ली, तेवीस घरं आणि गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं छोटं चर्च. पाळकसाहेबांकडे अशी पाच गावं, त्यामुळे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी राजदूत मोटारसायकलवरून येत आणि त्या दिवशी प्रभुभोजन होई. प्रार्थना करून पाळक भाकर मोडत, तिचे नखाएवढे तुकडे ताटलीतून बाकोबाक फिरत आणि मागून द्राक्षरसाचे इवले पेले येत. त्याआधी ते दर वेळी बजावत, मनात कोणाविषयी अढी असेल तर भाकरीला हात लावू नका, आधी ती अढी सोडवा.

मी एक डोळा उघडून इकडेतिकडे पाहिलं. मंडळीचे पंच शमुवेल मास्तर पहिल्या बाकावर आवंढ्यावर आवंढे गिळत होते. लहान पोरांनी तोंडं वाकडी करायच्या आत त्यांच्या आयांनी मांडीला चिमटे काढले. बाकी कोणी हूं की चूं केलं नाही. फेब्रुवारीपासून हेच चाललं होतं. दर महिन्याला मीठ वाढत होतं आणि दर महिन्याला लोक आणखी भक्तिभावाने माना खाली घालत होते.

मला गप्प बसता येत नाही. लोकांच्या घरी जेवताना ताटात केस सापडला तर तो उचलून यजमानांना दाखवणाऱ्यांतली मी. आणि एखादी गोष्ट का घडते हे कळलं नाही की मला रात्री झोप लागत नाही.

"आई, ही भाकर करतं कोण?" मी सासूबाईंच्या कानाशी लागले.

"रिबकाआत्या. गप बस."

रिबकाआत्या म्हणजे सगळ्या गल्लीची आत्या. सत्तरीची, काटकुळी, हात मात्र पुरुषासारखे मोठे. नवरा नाही, मूलबाळ नाही. तीस वर्षं प्रभुभोजनाची भाकर तिच्याच घरी होत आली होती. मला पाहायचं होतं की स्वतःची भाकर खाताना ती तरी तोंड वाकडं करते का. मान वळवून मी तिला शोधलं. ती बाकावर नव्हतीच. मागच्या दाराशी खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती आणि रिकामे पेले गोळा करत होती. ताटली तिच्यापाशी गेलीच नाही.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब राजदूतला किक मारत होते, तिथे मी त्यांना गाठलं.

"साहेब, रिबकाआत्या भाकर घेत नाहीत का?"

"घेते की. मागाहून. शमुवेल मास्तर देतात तिला."

मी मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "पाळकसाहेब देतात. आत, कपडे बदलतात त्या खोलीत."

म्हणजे कोणीच देत नव्हतं. मला हे मोठं नवल वाटलं. जी बाई सगळ्यांना भाकर करून घालते ती स्वतः उपाशी राहते आणि ते एकालाही ठाऊक नाही. मी तसं मास्तरांना बोलूनही दाखवलं असतं, पण त्यांनाच माझ्याशी बोलायचं होतं. त्यांनी मला चर्चच्या मागच्या भिंतीच्या सावलीत नेलं.

"सूनबाई, पुढच्या रविवारी मंडळीला पंचाहत्तर वर्षं होतात. नगराहून मोठे पाहुणे येणार. त्या दिवशी खास प्रभुभोजन आहे."

"माहीत आहे."

"ही भाकर पाहुण्यांना देता येईल का, तुम्हीच सांगा. आत्याचं वय झालंय. मीठ घातलंय हे विसरते, पुन्हा घालते. पंचांनी ठरवलंय, आता बेकरीचा पाव आणायचा. त्या रविवारपासून कायमचा."

"मग सांगा ना त्यांना."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. निवृत्त हेडमास्तर होते ते. अर्ध्या तालुक्याला त्यांनी छड्या मारल्या होत्या. "आमच्याच्याने होत नाही. तिच्यापाशी ती भाकर सोडून दुसरं आहे काय? माझी जीभ वळत नाही. तुम्ही स्पष्ट बोलता. नव्या आहात. तुम्ही सांगा."

म्हणजे गल्लीतले सगळे प्रेमळ होते आणि कडू बोलायला मी होते! मला राग आला, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. तेवीस घरांत खरं बोलायची हिंमत एका माझ्यातच आहे असं मी धरून चालले. मी हो म्हणाले.

घरी आल्यावर सुमंतला सांगितलं. माझा नवरा पोस्टमन, स्वभावाने लोण्याचा गोळा. तो जेवता जेवता थांबला.

"तू सांगणार? आत्याला?"

"मग काय झालं? भाकर खारट आहे ती खारट आहे."

"अगं, ती भाकर गेली तर आत्या शनिवारचं करील काय?" तो म्हणाला. "महिनाभर ती त्या शनिवारची वाट पाहत असते."

"अहो, पण खारट भाकर मुकाट्याने खाणं याला काय प्रेम म्हणायचं? हा भित्रेपणा झाला."

"असेल," तो म्हणाला आणि वरण ओतून घेतलं. सुमंतशी भांडायची सोयच नव्हती.

सासूबाई मात्र कढईवर उलथनं आपटत म्हणाल्या, "सांगायचं तर सांग. पन आधी तिच्यापाशी बसून बघ. लगेच तोंड घालू नको."

शाळेला सुट्टी होती. सोमवार गेला, मंगळवार गेला, मी रोज उद्यावर ढकलत होते. एक शंका मला पोखरत होती. मीठ विसरणारी बाई बाकी काहीच कशी विसरत नाही? गल्लीतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस तिला पाठ होता. आणि ती भाकर का घेत नाही? शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी पदर खोचला आणि निघाले.

तिचं घर गल्लीच्या अगदी शेवटी. एकच खोली आणि पुढे पडवी. पडवीत ती मांडी घालून बसली होती, पुढ्यात परात, परातीत कणकेचा गोळा, बाजूला मिठाची वाटी.

"सलाम, आत्या."

तिने वर पाहिलं. पुन्हा नजर कणकेकडे वळवली. "सलाम. काय काढलंस?"

"तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

"आता नाय. भाकरीची कणीक घेतलीय. ही होईस्तवर मी कोनाशी बोलत नाय. बसायचं तर बस, नायतर सांजच्याला ये."

मी खांबाला टेकून बसले. आत्याने तीन बोटांत मीठ घेतलं आणि गोळ्यावर टाकलं. "प्रभू, तुझ्या नावानं," ती म्हणाली. मग उजव्या हाताची मूठ आवळली, "शमुवेल मास्तराचं घर," असं म्हणत कणकेत दाबली आणि डोळे मिटले. "त्याची साखर उतरू दे. पोराचं पत्र येऊ दे." मग गोळा फिरवला, पुन्हा मूठ. "लोखंड्याचं घर. पोरीला कुठंतरी चिकटू दे." पुन्हा फिरवला. "मकासऱ्याचं घर. त्याची बाटली सुटू दे, नायतर बायकोच्या हाताला तरी जोर दे."

मी बघतच राहिले. प्रभुभोजनाआधीच्या शुक्रवारी गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक मूठ गव्हाचं पीठ चर्चच्या डब्यात पडत असे, एवढं मला माहीत होतं. त्या पिठाला आत्या असं घरोघर मळते हे कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडापासून क्रमाने एकेक घर येत होतं. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या जावयाने हात उगारला, कोणाला डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय. ही प्रार्थना आहे की गल्लीचं वर्तमानपत्र, मला कळेना. मी कान टवकारून ऐकत होते.

"आढावाचं घर. यमुनाच्या गुडघ्याला आराम पडू दे." गोळा फिरवला, मूठ वर आली आणि तिथेच थांबली.

आत्याचे ओठ घट्ट मिटले होते. मूठ तशीच अधांतरी. मग तिने हात खाली घेतला, गोळ्यावर ओलं फडकं टाकलं, मोरीवर जाऊन हात धुतले आणि अंगणात पाठमोरी उभी राहिली. थोड्या वेळाने आत आली, बसली, फडकं काढलं, तीन बोटांत मीठ घेतलं आणि गोळ्यावर टाकलं.

"प्रभू, तुझ्या नावानं. शमुवेल मास्तराचं घर."

मास्तर बरोबर बोलत होते तर. बिचारी मध्येच विसरते आणि पहिल्यापासून सुरू करते. आता हिला सांगायचं कसं, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले. हळू आवाजात सांगायचं, आधी तीस वर्षांच्या सेवेबद्दल दोन शब्द बोलायचे, मग पावाचं.

"आढावाचं घर. यमुनाच्या गुडघ्याला आराम पडू दे."

मूठ वर आली आणि पुन्हा थांबली. पुन्हा फडकं, पुन्हा मोरी, पुन्हा अंगण. परत येऊन पुन्हा मिठाची चिमूट.

आता मी जुळवाजुळव सोडून दिली. वर्गात मुलगा पाढा म्हणताना एकाच आकड्याला दर वेळी अडला तर शिक्षकाच्या लगेच ध्यानात येतं. विसरणारा माणूस कुठेही अडतो. ही एकाच जागी अडत होती. तिसऱ्या खेपेला मी बोटांवर घरं मोजायला लागले. मास्तर एक, लोखंडे दोन, मकासरे तीन. आढाव तेरा. मी मनातल्या मनात गल्लीतून चालत गेले. आढावांचं निळं दार, त्यांचा गोठा, गोठ्याला लागून भिंत, आणि ती भिंत आमची.

मूठ तिसऱ्यांदा थांबली.

"आत्या," माझ्या तोंडून निघून गेलं, "आढावांच्या पुढचं घर आमचं आहे."

"ठावं हाये मला."

"म्हणजे तुम्ही विसरत नाही."

"इसरले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

पडवीत माशा घोंगावत होत्या. तिने फडकं टाकलं, पण या वेळी उठली नाही.

"मी काय केलंय तुमचं?" मी विचारलं. आवाजात थोडी धार आलीच.

"जानेवारीचा पहिला रविवार. तू नवी नवरी. चर्चातून भायेर पडलीस आन् सगळ्यांच्या मधी सुमंतला म्हनालीस, आमच्या सोलापुरात कागदावानी पातळ भाकर आसती, जिभेवर ठिवली की इरघळती. ही चावता चावता पाळकाचा आशीर्वाद संपला!" तिने माझी नक्कल हुबेहूब केली. "सगळी हसली. मास्तर हसला. तुझी सासू हसली. तीस वर्सांत माझ्या भाकरीला कोनी हसलं नव्हतं. मी मागंच व्हते, पेले घिऊन."

मला ते वाक्य आठवलं. त्यावर पिकलेला हशाही आठवला, आणि आपण किती छान बोललो असं वाटून मी त्या दिवशी दुपारभर खुशीत होते तेही. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझा स्वभाव असा की लाज वाटली की आधी राग येतो.

"एवढ्याशा गोष्टीसाठी? पाच महिने?"

"एवढ्याशाच गोष्टीसाठी," आत्या म्हणाली. "माझा नवरा दुसरी बाई घिऊन मुंबईला गेला. दिरानं अंगठा घिऊन जमीन खाल्ली. दोघांची नावं घिऊन याच परातीत मळलंय मी. मोठं दुखनं देवाकडं न्यायला लाज नाय वाटत. पन एका पोरीचं हसू? असलं बारीक घिऊन कोन्या तोंडानं जायचं त्याच्याकडं? आन् सलतं तर रोज."

"मग आमचं घर सोडून पुढे जायचं."

"पीठ तुझ्या घरचंबी हाये यात. तुझ्या घराचं पीठ घ्यायचं आन् नाव नाय घ्यायचं? मंग ती मंडळीची भाकर कशी?"

"म्हणून तुम्ही स्वतः घेत नाही?"

"अढी ठिवून घ्यायची नसती. पाळकसाहेब सांगतात ना दर खेपेला. तू ऐकती का नाय?"

ऐकत होते, पण ते दुसऱ्यांसाठी आहे असं धरून. मी मिठाच्या वाटीकडे पाहिलं. "आणि दर वेळी पुन्हा मीठ कशाला?"

"सुरवात मिठानं करायची, माझ्या सासूनं शिकवलंय. पुन्यांदा सुरवात म्हंजे पयल्यापासनं सुरवात."

तिच्या लेखी ते मीठच नव्हतं, ती सुरुवात होती. चार महिने अख्खी मंडळी डोळे मिटून जे गिळत होती ते तिचे माझ्यावर प्रेम करायचे फसलेले प्रयत्न होते. आणि मी आले होते तिला सांगायला की उद्यापासून बेकरीचा पाव येईल.

ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. गिळायला त्या रविवारच्या तुकड्याहून जड गेलं, पण गिळलं.

"आत्या, मी चुकले. मला क्षमा करा."

"करते गं. दर खेपेला शनवारी करते. रविवारपातुर टिकत नाय." तिने फडकं काढलं, मिठाची चिमूट टाकली आणि पुन्हा मास्तरांच्या घरापासून सुरुवात केली. मी श्वास रोखून बसले. लोखंडे, मकासरे, त्रिभुवन. मनात म्हटलं, आता क्षमा मागून झाली, आता अडायचं कारण नाही. आढावांचा गुडघा झाला. मूठ वर आली. थांबली.

तिच्या कपाळावर घाम होता. ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "बघ. तू मागितली तरी व्हत नाय."

पाचव्या खेपेलाही तेच झालं. सगळं सोडून उठून जावंसं मला वाटलं. मागितली ना क्षमा, आता आणखी काय पाया पडू? पण ती पुन्हा मोरीवर गेली तेव्हा तिच्या वाकलेल्या पाठीकडे माझं लक्ष गेलं आणि माझ्या डोक्यात एक भलताच प्रश्न आला. ती परत येऊन बसेपर्यंत मला धीर निघाला नाही.

"आत्या, तुमचं घर कोण घेतं?"

"आँ?"

"तेवीस घरं आहेत. तुमचं तेविसावं. त्याच्यासाठी मूठ कोण दाबतं?"

"मळनारीनं आपलं घर घ्यायचं नसतं."

"म्हणजे तीस वर्षांत कोणीच नाही घेतलं?"

तिने परातीच्या कडेला चिकटलेली कणीक नखाने खरवडली. तिने कधी याचा विचारच केला नव्हता असं मला वाटत नाही. कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

"मी घेऊ?"

तिने परात थोडी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "हात धून ये."

मी कोपरापर्यंत हात धुऊन आले आणि तिच्या शेजारी बसले. मूठ आवळून कणकेत दाबली. कणीक चांगलीच घट्ट होती. "रिबकाआत्याचं घर," मी म्हणाले आणि पुढे अडले. काय मागायचं? तिचा कोणता गुडघा दुखतो, तिला कोणाच्या पत्राची वाट आहे, तिला रात्री भीती वाटते का, मला काहीच ठाऊक नव्हतं. जगाच्या उठाठेवी करणारी मी, पाच महिन्यांत या घरात एकदाही आले नव्हते.

"काय मागू?" मी विचारलं.

"ते तू बघ."

मी डोळे मिटले. "प्रभू, मला हिच्याबद्दल काहीच माहीत नाही. मी फार घाईत असते. मला हिच्यापाशी बसायला शिकव." मला रडू यायला लागलं म्हणून मी तिथेच थांबले.

आत्याने मला कोपराने बाजूला सारलं. "सरक." तिने गोळा फिरवला. या वेळी मीठ घेतलं नाही. मूठ वर गेली, थांबली. मला वाटलं, गेलं. मग ती म्हणाली, "सुमंत भिंगारदिव्याचं घर." आणि थोड्या वेळाने, एकेक अक्षर ओढून काढावं तसं, "एस्तेरचं घर." मूठ सावकाश खाली आली आणि कणकेत रुतली.

मला राहवलं नाही. "आलं का हो प्रेम, आत्या?"

"लई घाई तुला. प्रेम नाय आलं. सबुरी आलीय. आज तेवढ्यावर मळते." आणि ती पंधराव्या घराकडे वळली.

परतताना मी आमच्या घरावरून तशीच पुढे गल्लीच्या तोंडाशी गेले. शमुवेल मास्तर त्यांच्या ओट्यावरच उभे होते.

"सांगितलंत? सहाच्या एस्टीने माणूस पाठवायचाय नेवाशाला, पावासाठी."

"पाव आणू नका मास्तर. भाकर होतेय."

"मीठ?"

"आजवरची सगळ्यात खारट. मी पाच चिमटी मोजल्या. मी जायच्या आधीच्या वेगळ्या."

"अहो, मग?" ते जवळजवळ ओरडले.

"मग खायची. मास्तर, जानेवारीत मी तिच्या भाकरीला हसले होते. तुम्हीही हसला होतात. ती मागेच उभी होती. तेव्हापासून ती भाकर घेत नाही."

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. आधीच स्वच्छ असलेली ती काच त्यांनी किती वेळ पुसली कोण जाणे. "राहू द्या मग पाव," ते शेवटी म्हणाले.

रविवारी चर्चमध्ये पताका लागल्या होत्या. नगरचे पाहुणे वेदीजवळच्या खुर्चीवर बसले होते. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, ताटली फिरली. पाहुण्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि त्यांच्या भुवया टाळूला भिडल्या. पण समोर शंभर माणसं माना खाली घालून गपचूप गिळताहेत म्हटल्यावर त्यांनीही मान खाली घातली. माझ्या जिभेला चटका बसला. मी या वेळी डोळे मिटले नाहीत.

ताटली शेवटच्या बाकापासून परत निघाली तेव्हा मागच्या दाराशी हालचाल झाली. रिबकाआत्या खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे येत होती. ती ताटलीसमोर उभी राहिली, एक तुकडा उचलला, क्षणभर हातात धरला आणि तोंडात घातला. एकदा चावला. मग तिचं तोंड चालायचं थांबलं.

"अगं बाई!" भर उपासनेत ती मोठ्याने बोलली. "पाळकसाहेब, ही खारट हाये!"

पाळकसाहेब ताटलीकडे बघत राहिले. आत्याची नजर बाकांवरून फिरू लागली. कोणी पताका मोजत होतं, कोणी पोराची कॉलर नीट करत होतं. तिला कळत गेलं तसा तिचा चेहरा पडत गेला.

"कवापासून?"

शमुवेल मास्तर उठून उभे राहिले. "फेब्रुवारीपासून, आत्या."

"आन् तुमी खाल्ली? समद्यांनी?"

"खाल्ली."

"मंग एकबी कसा बोलला नाय?"

मास्तर म्हणाले, "जानेवारीत एकदा बोललो होतो ना. हसून. तेवढं पुरे झालं."

आत्याने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून सासूबाई उठल्या, मीही उठले. जवळ गेल्यावर दिसलं, ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. आधी यमुनाबाई हसल्या, मग मकासरे, मग सगळं चर्च. पाहुणे खुर्चीला धरून हसले. शेवटी पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले, "मंडळी, पेले लवकर फिरवा," तेव्हा पुन्हा एकदा हशा झाला. पावाचं नाव नंतर कोणी काढलं नाही.

दुपारी आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. दारात सावली पडली. आमच्या लग्नापासून रिबकाआत्याने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. ती चौकटीला हात लावून उभी होती, उन्हाने लाल झालेली.

"एस्तेर, पानी दे गं. घसा पार सुकलाय."

मी माठातून तांब्या भरला. ती दारातच उभी राहून पिऊन जाईल असं मला वाटलं होतं. तिने चपला काढल्या, आत आली, माझ्या रिकाम्या पाटावर बसली आणि तांब्या वर धरून घटाघटा प्यायली. मग तो रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"आनखी," ती म्हणाली.